बिनकामाची भाषा

माणसाला काय काय हवं असतं. कुणाला घर, कुणाला गाडी, कुणाला नुसती झोप. दातोबाला एक भाषा हवी होती, आणि तीही अशी, की तिचा कुणाला काडीचाही उपयोग होणार नाही.

दातोबा कवळ्या बनवायचा. दातांचे डॉक्टर लोकांच्या तोंडाची मापं घेऊन पाठवत. तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत बसून दातोबा त्यात प्लास्टर ओतायचा, त्या जबड्यांवर मेणात एकेक दात बसवायचा, घासायचा, चमकवायचा आणि खोक्यात घालून परत पाठवायचा. शहरातली निम्मी म्हातारी माणसं त्याच्या दातांनी हसत होती आणि त्यातल्या एकालाही तो ओळखत नव्हता. दातोबा हे नाव त्याला कामावर पडलं, तिथून ते घरी आलं, आणि पुढे बायकोसुद्धा खरं नाव फक्त भांडणात काढू लागली.

घर सासऱ्यांचं. दातोबा घरजावई. आता घरजावई म्हटलं की लोकांना वाटतं, याला छळतात. तसं काही नव्हतं. उलट त्याला घरातल्यासारखं वागवत, आणि दुखणं नेमकं तेच होतं. सासरे आयुष्यभर एका मोठ्या गोदामाचे स्टोअरकीपर होते. निवृत्त झाले ते, गोदाम काही त्यांच्यातून निवृत्त झालं नाही. "एक नग महाग पडतो, जावईबापू," हे त्यांचं ब्रह्मवाक्य. घरात सगळ्यांचे टूथब्रश हिरवे. सगळ्यांचे टॉवेल राखाडी. सगळ्यांच्या चपला आठ नंबरच्या, कारण तो लॉट स्वस्तात मिळाला होता. सासूबाईंचा पाय पाच नंबरचा, त्यामुळे त्या घरातून होडीत बसल्यासारख्या फिरत. एकदा दातोबानं हौसेनं स्वतःसाठी तपकिरी छत्री आणली. संध्याकाळपर्यंत सासऱ्यांनी तशाच आणखी पाच आणल्या आणि वर त्याच्या पाठीवर थाप मारली. "निवड चांगली आहे तुमची."

तेव्हापासून दातोबाच्या मनात होतं की आपलं असं काहीतरी एक असावं. डझनात न येणारं. आणि बिनकामाचं असावं, कारण कामाची वस्तू या घरात कुणाचीच राहत नाही.

भाषा निवडायला त्याला बराच वेळ लागला. बिनकामाची भाषा सापडणं अवघड. जर्मन म्हणावी तर बायकोची मावसबहीण तिकडे नोकरीला. जपानी म्हणावी तर मेव्हणा लगेच तिकडून काहीतरी आयात करणार. फ्रेंच शिकतो म्हटलं की लोक "परीक्षा कधी?" असं विचारतात. शेवटी त्यानं धंद्यातला माणूस करील तेच केलं. कानाला हेडफोन लावून, प्लास्टर घोटता घोटता, तो एकेका भाषेतलं बोलणं ऐकू लागला आणि दातांवरून निकाल देऊ लागला. एका भाषेत सगळं काम नाकच करत होतं, दात नुसते बघ्यांसारखे उभे. दुसरीत ओठांचीच मिजास. तिसरी इतकी गुळगुळीत की ती कवळी काढून ठेवूनही बोलता आली असती.

आणि मग एक दिवस जॉर्जियन लागली.

दातोबाच्या हातातली पळी थांबली. इथे समोरचे दात, दाढा, जीभ, टाळू, घसा, सगळे एकाच वेळी पाळीवर हजर होते. एका शब्दात तर आठ व्यंजनं ओळीनं उभी होती आणि स्वर सगळ्यात शेवटी एकच, तोही मान खाली घालून. ग्व्प्र्त्स्क्व्नी. अर्थ काय, तर 'तू आम्हाला सोलतोस'. लिपी तर अशी गोल गोल, जणू कुणी बांगड्या वाळत घातल्यात. दातोबानं सगळीकडे विचार करून पाहिला. नात्यात, ओळखीत, शेजारीपाजारी, कुठेच या भाषेचं काही काम निघत नव्हतं.  आनंदानं त्यानं तिथल्या तिथे भाषा शिकवणारं एक ॲप फोनवर उतरवून घेतलं.

इथेच तो चुकला. घरातल्या सगळ्यांच्या फोनांचं खातं एकच होतं, कारण सासऱ्यांच्या मते सहा खाती म्हणजे सहा वेगवेगळे नग. एकानं काही उतरवलं की ते सगळ्यांच्या फोनवर उतरायचं.

संध्याकाळी तो घरी आला तेव्हा चौकशी समिती टेबलाभोवती बसली होती.

"जावईबापू," सासरे म्हणाले, "दुपारी माझ्या फोनमधून एक बाई मला गमार्जोबा म्हणाली. मी तिचं काय बिघडवलंय?"

"गमार्जोबा म्हणजे नमस्कार," दातोबा म्हणाला. "जॉर्जियन भाषा आहे. मी शिकतोय."

"कशासाठी?" बायकोनं विचारलं.

"कशासाठी नाही. मजा म्हणून."

 'मजा म्हणून' हे या घरात आजवर कुणी दिलेलं सगळ्यात संशयास्पद उत्तर होतं. सासूबाईंनी हातातली वाटी खाली ठेवली.

"कोण आहे ती?"

"कोण ती?"

"जिच्यासाठी शिकताय ती."

"अहो, कुणी नाही! माझी तिकडे एकाही माणसाशी ओळख नाही."

"ओळख नसताना एवढं करताय," सासूबाई म्हणाल्या, "मग ओळख झाल्यावर काय कराल?"

मेव्हणा गेली काही वर्षं 'सध्या' व्यवसायाच्या शोधात होता. तो पुढे सरकला. "भावोजी, मला खरं सांगा. तिकडे कवळ्यांना मार्केट आहे, हो ना?"

"मला माहीत नाही. मला माहीत करून घ्यायचंच नाहीये."

"बघा, लपवतायत," मेव्हणा म्हणाला.

बायको एका कुरिअर कंपनीच्या तक्रार विभागात फोनवर बसायची, त्यामुळे तिचा आवाज कधीच चढत नसे. "तुझी भावना मी समजू शकते," ती म्हणाली. "पण 'मजा' हे कारण आमच्या यादीत नाही. दुसरं काही सांगशील?"

 सासरे मात्र चष्मा कपाळावर ढकलून फोनमध्ये काहीतरी वाचत होते. मग त्यांनी मान वर केली. चेहऱ्यावर तोच लॉट सापडल्याचा आनंद.

"सात जण एकदम शिकले तर एकाच्या दीडपट पैशांतच काम होतं," ते म्हणाले. "आपण सहा आहोत. सातवी जागा राखीव ठेवू."

दातोबाचे दात त्याच्याच घशात गेले.

पुढचं सगळं गोदामाच्या शिस्तीत झालं. सासऱ्यांनी प्रत्येकाला रोजचं उद्दिष्ट ठरवून दिलं आणि कोण किती पुढे याचा तक्ता भिंतीवर लावला. दातोबाची शिकण्याची रीत वेगळी होती. तो एका अक्षरावर एक संध्याकाळ घालवायचा. ते काढायचा, खोडायचा, लांबून बघायचा, पुन्हा काढायचा. लाडू एका घासात खाणारा माणूस वेगळा आणि कडेकडेनं खाणारा वेगळा, दातोबा दुसऱ्यातला. बाकीच्यांनी अख्खा डबा संपवला. तो चौथ्या पाठावर रेंगाळत असताना बायको विसाव्यावर होती, त्यांची शाळकरी मुलगी तिच्या पुढे, आणि तक्त्याच्या अगदी वर, हातभर अंतर राखून, सासूबाई. त्या हेरगिरीसाठी शिकायला लागल्या होत्या. 'ती' सापडली नाही, पण भाषा सापडली.

मग त्यांनी स्वयंपाकघरातल्या डब्यांवर जॉर्जियनमध्ये चिठ्ठ्या लावल्या. दातोबानं सलग तीन वेळा चहात मीठ घातलं.

"वाचता येत नाही का?" सासूबाई म्हणाल्या. "तुमचीच तर भाषा."

मुलगी त्याला 'मामा' म्हणायला लागली, कारण जॉर्जियनमध्ये बापाला तसंच म्हणतात. ती शाळेच्या गेटबाहेर "मामा, मामा!" करत धावत आली आणि बाजूला उभ्या असलेल्या एका गृहस्थांनी दातोबाला विचारलं, "मग मुलीचे वडील काय करतात?" घरात खरा मामा होताच. तो म्हणाला, "भावोजी, तुम्ही माझी पोस्ट घेतलीत." दातोबाला वाटलं, आपला अगदी सगळ्या अर्थांनी मामा झालाय.

भाषेपाठोपाठ संस्कृती आली. जॉर्जियात म्हणे मेजवानीला टेबलाचा एक प्रमुख असतो, त्याला तमादा म्हणतात. तो पेला उंचावून भाषण करतो आणि भाषण होईपर्यंत पेल्याला कुणी तोंड लावत नाही. हे वाचल्यावर तमादा कोण यावर घरात मतदान झालं नाही, तशी गरज नव्हती. दुसऱ्या दिवसापासून सासरे पाण्याचा पेला घेऊन उभे राहू लागले. नियम फक्त पेल्यापुरता होता, त्यांनी तो ताटालाही लावला. एकाच नियमात दोन कामं होत असतील तर दोन नियम कशाला? पहिलं भाषण शांततेसाठी. दुसरं पूर्वजांसाठी. तिसरं मुलांसाठी. चौथं गोदामातल्या दिवंगत उंदरांसाठी, ते सगळ्यात लांब आणि सगळ्यात मनापासून. तोवर जेवणाचा दगड व्हायचा. मग बायको, मेव्हणा आणि मुलगी तीन आवाजांत एक गाणं म्हणायची, कारण तिकडे तीन आवाजांत म्हणतात. खालच्या मजल्यावरून एकदा एक जण विचारायला आला, कुणी गेलं का?

दातोबाला यातलं काही कळत नव्हतं. तो हात बांधून बसायचा. ज्या भाषेचा त्यानं शोध लावला, त्या भाषेत त्याच्याच नाकासमोर त्याच्याबद्दल बोललं जायचं, सगळे हसायचे, आणि बायको मग समजुतीनं त्याला थोडक्यात सांगायची, "काही नाही, तुझं कौतुकच चाललंय." आपलेच दात आणि आपलेच ओठ. तक्रार कुठे करणार? तक्रार विभाग शेजारीच बसून गात होता.

निदान कामावर तरी भाषा आपली आहे, असं तो म्हणत होता. दुपारी खोलीत कुणी नसलं की तो जबड्याची उघडझाप करणारं लोखंडी यंत्र पुढ्यात घ्यायचा, त्यावर कवळी चढवायचा आणि तिच्याकडे बघत हळूहळू म्हणायचा, "ग्व्प्र्त्स्क्व्नी." यात कसला फायदा नव्हता, कसली प्रगती नव्हती. दिवसातली तेवढीच पाच मिनिटं त्याला कुणाचा जावई असल्यासारखं वाटायचं नाही.

एका दुपारी मागे मालक उभे होते.

"परत म्हण," मालक म्हणाले.

"काय?"

"आत्ता म्हणालास ते. मी तुझे गाल बघितले. असा शब्द मी जन्मात पाहिला नाही." मालकांनी खिशातून एक कवळी काढली. तक्रार येऊन परत आलेली होती. बोलताना सुटते म्हणून. त्यांचे स्वतःचे वरचे दात खोटेच होते. ते काढून त्यांनी ही बसवली, छाती भरून श्वास घेतला आणि शब्द उच्चारला. कवळी उडून प्लास्टरच्या बादलीत पडली. मालक बादलीकडे आदरानं बघत राहिले.

"या शब्दावर जी टिकेल," ते म्हणाले, "ती आयुष्यात कुठेही टिकेल."

आठवडा झाला नसेल तोच सगळ्या दवाखान्यांत मालकांची चाचणी सुरू झाली. नवी कवळी बसवली की म्हाताऱ्या माणसांनी डॉक्टरांच्या तोंडाकडे बघून 'तू आम्हाला सोलतोस' असं म्हणायचं. अर्थ बाहेर फुटल्यावर तर लोक आवडीनं म्हणू लागले. बिल हातात आल्यावर काही जण दुसऱ्यांदा म्हणत. मालकांनी दातोबाची पाठ थोपटली. "केवढी उपयोगी भाषा आहे रे! आणि तू इतके दिवस बोलला नाहीस?"

त्या संध्याकाळी दातोबा घरी आला तो आधीच रागानं भरलेला होता. ताटं वाढलेली होती. तमादा उभे होते. त्या दिवशीचं भाषण जावईबापूंसाठी होतं, एवढं त्याला सगळ्यांच्या नजरांवरून समजलं. भाषण लांबत गेलं. सासूबाईंनी पदर डोळ्याला लावला. मेव्हणा हुंदका गिळत होता. शेवटी सगळ्यांनी पेले त्याच्याकडे केले आणि थांबले.

"आता तू उत्तर द्यायचंस," बायको कुजबुजली. "तशी पद्धत आहे."

दातोबा उठला. 

"मला हे नको होतं," तो आपल्या साध्या भाषेत म्हणाला. "टॉवेल तुमचा. चप्पल तुमची. छत्री माझी होती, तीही तुमची झाली. तुम्ही वाईट नाही हो, वाईट असतात तर निदान रागावता आलं असतं! मला एक गोष्ट हवी होती. एकच. फक्त माझी. जिचा कुणाला उपयोग नाही, जिच्यात कुणी पहिलं येत नाही, जिच्यावर कवळ्यांची चाचणी होत नाही. ती मी किती शोधली! आणि तुम्ही ती घाऊकात घेतलीत!"

 मुलगी हळूच म्हणाली, "मामा, जॉर्जियनमध्ये सांग ना, आजोबांना उत्तर द्यायचंय."

"म्हणजे तक्रार अशी आहे," बायको सावकाश म्हणाली, "की माल योग्य पत्त्यावर आला, पण सगळ्यांनी उघडला."

"हो," दातोबा म्हणाला. गेल्या कित्येक दिवसांत त्याला कुणी इतकं नेमकं समजून घेतलं नव्हतं.

सासरे खाली बसले. बराच वेळ त्यांनी चष्मा पुसला. "चूक झाली," ते म्हणाले.  "जावईबापूंना एक नग देऊ. एकच. महाग पडला तरी चालेल."

दातोबाचे डोळे पाणावले. ते वाळायच्या आत त्याला गॅलरीत पाठवण्यात आलं, कारण त्याच्यासाठी भाषा निवडायची म्हणजे घरच्यांना मोकळेपणी चर्चा करता यायला हवी होती. आतून आवाज चढत होते, उतरत होते. काचेतून मेव्हण्याचा वर गेलेला हात दिसला. ताटांतलं अन्न वाळून गेल्यावर त्याला आत बोलावलं गेलं.

"फेरो बेटांची भाषा," सासऱ्यांनी निकाल दिला. "समुद्राच्या मधोमध आहेत. तिथे माणसांपेक्षा मेंढ्या जास्त, म्हणजे गर्दी नाही. हिचा उपयोग शोधून बघितला, आम्हा चौघांना एकही सापडला नाही."

"मला एक सापडला होता," मेव्हणा म्हणाला, "लोकरीचा. पण मी तो मागे घेतला."

दातोबाला सांगायचं होतं की निवडणं हीच अर्धी मजा होती. पण चारी चेहरे इतके आशेनं उजळले होते की त्याला दातखीळच बसली.

साबणांची साठवण असलेली छोटी खोली त्याला देण्यात आली. त्याच्यासाठी वेगळं खातं उघडण्यात आलं, हा तर या घराच्या इतिहासातला चमत्कार. रोज संध्याकाळी तासभर दार बंद, कुणी हाक मारायची नाही. आणि त्यानं तास संपवून दार उघडलं की सगळे समोर उभे असत.

"मजा आली?"

"आली."

"कालच्यापेक्षा जास्त की कमी?" सासरे विचारत. त्यांना आलेख चढता हवा होता.

खरं म्हणजे अजिबात येत नव्हती. पहिल्या पाठातल्या माणसानं त्याला शुभ दिवस चिंतला तेव्हा दातोबाला वाटलं, याला बिचाऱ्याला मुद्दाम माझ्यासाठी कामावर बोलावलंय. मजा अशी नेमून दिली की ती हजेरी लावते आणि कोपऱ्यात उभी राहते. दुसऱ्या दिवशी त्यानं पाठ उघडलाच नाही. तिसऱ्या दिवशी फोनही खिशातून काढला नाही. उलट्या बादलीवर बसून तो साबणाच्या खोक्यांकडे बघत राहायचा. सगळ्या खोक्यांवर एकच बाई एकसारखी हसत होती. तिचे दात काही त्यानं केलेले नव्हते.

असाच तो एकदा बसलेला असताना दाराबाहेर कुजबुज झाली.

"शिकत नाहीये तो," बायकोचा आवाज. "मी किल्लीच्या भोकातून पाहिलं. नुसता साबणाकडे बघत बसतो."

"बसू दे," सासूबाई म्हणाल्या. "त्याला कळू देऊ नका की आपल्याला माहीत आहे. खोटं तर खोटं, एक काहीतरी त्याचं असू दे."

"पण वेगळ्या खात्याचं काय?" सासरे.

"तुम्ही गप्प बसा हो."

"मी म्हणतो, त्याला सांगून टाकू," मेव्हण्याचा आवाज आला. "शरमेनं बिचारा आत गुदमरून जाईल."

"खबरदार!" तिघं एकदम म्हणाले.

दातोबा बादलीवर ताठ झाला. त्याला लाज वाटली, मग राग आला, आणि मग राग अर्ध्यावर सोडून तो चकित झाला. कारण बाहेर चाललेलं बोलणं सगळंच्या सगळं जॉर्जियनमध्ये होतं. चौथ्या पाठावर अडकलेल्या, ढ, चहात मीठ घालणाऱ्या माणसाला शब्द न् शब्द कळला होता. उंदरांवरची ती सगळी भाषणं, थंड ताटांपुढची गाणी, नाकासमोर झालेलं कौतुक, हे सगळं कधी कानातून आत जाऊन बसलं होतं कुणास ठाऊक. त्याला जॉर्जियन येत होती. आणि जगात एकाही माणसाला हे ठाऊक नव्हतं. ना उपयोग, ना उद्दिष्ट, ना तक्ता. हवं होतं ते अगदी तसंच मिळालं होतं.

दातोबानं तोंडावर हात दाबला. कितीतरी महिन्यांनी त्याला हसू फुटत होतं.

तेवढ्यात बाहेर मेव्हणा पुन्हा तेच वाक्य बोलला, आणि दातोबाचं हसू जागच्या जागी मेलं.

मेव्हणा चुकीचं बोलत होता. जीभ समोरच्या दातांच्या मागे टेकवायची, ती तो थेट टाळूला नेऊन आपटत होता. दर शब्दाला. दातांच्या धंद्यात आयुष्य घातलेल्या माणसाला तो आवाज म्हणजे भरल्या पंगतीत दाताखाली खडा यावा तसा. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. अरे, दातांच्या मागे लाव! दातोबाचा हात कडीपर्यंत गेला. पण दार उघडून हे सांगितलं की भावोजींना भाषा येते हे फुटणार. मग उद्यापासून ते घरादाराचे उच्चार सुधारणार. परवा मालक शिकवणी लावणार. सातवी जागा अजून राखीवच होती.

हात खाली आला. बाहेर मेव्हण्यानं तेच वाक्य तिसऱ्यांदा म्हटलं, या वेळी जरा ठासून, म्हणजे टाळूही जरा ठासून. आणि हे आता रोज ऐकायचं होतं, जेवताना, गाण्यात, जन्मभर, चेहऱ्यावरची सुरकुतीही न हलवता.

तास संपला. दातोबानं दार उघडलं. चौघं आणि मुलगी ओळीनं उभी होती, काही माहीतच नसल्यासारखी.

"आली मजा?" मेव्हण्यानं विचारलं.

"आली," दातोबा दात-ओठ खात म्हणाला.